रॅम्प माझा, पाणी मावशीचं

पाऊस सुरू झाला की माझ्या पुण्यातल्या ग्रुपचे दोन भाग पडतात. एक ताम्हिणी-लोणावळा पार्टी, दुसरी भजी-आणि-नेटफ्लिक्स पार्टी. मी तिसऱ्या पार्टीत, आणि तिथे मी एकटीच! पाऊस धरला की मी आधी घरी फोन लावते. 'जेवलात का, बीपीची गोळी घेतली का' वगैरे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला : "बाबा, खांबावर किती?"

खांब म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा विजेचा खांब. बाबांनी त्यावर ऑइलपेंटने इंचाइंचाच्या रेघा मारल्यात. बारा इंचांवर लाल रेघ. ती बुडाली की समजायचं, कोपऱ्यावरच्या मावशीच्या उंबऱ्याला पाणी लागलं. (पावसात बाबा ही रेघ गॅलरीतून टॉर्च मारून वाचतात. साचलेल्या पाण्यात विजेच्या खांबाजवळ जायचं नसतं, हे आई त्यांना दर वेळी नव्याने सांगते.)

घर वऱ्हाडात आहे. शहराचं नाव सांगत नाही, कारण आमच्या कॉलनीतले निम्मे लोक माझा कॉलम आपलं नाव आलंय का हे बघायलाच वाचतात. दहा एकरांचा ले-आउट, सव्वाशे प्लॉट, वर एक छोटी टेकडी, खाली एक नाला. वीस वर्षांपूर्वी इथे कपाशी होती. आता एकही प्लॉट रिकामा नाही. तुमच्यापैकी जे नाशिक, सोलापूर, अकोला, लातूर कुठूनही पुण्या-मुंबईत नोकरीला आलेत, त्यांचे आईबाबा अशाच कुठल्या तरी कॉलनीत राहत असतील.

तर गोष्ट रॅम्पची आहे.

बाबा २०२० मध्ये रिटायर झाले. जिल्हा परिषदेचे मास्तर, विषय भूगोल. त्यांना काहीतरी सॉलिड गिफ्ट द्यायचं माझ्या डोक्यात होतं. फ्रीलान्सरचे चेक कसे येतात ते विचारू नका, पण २०२१ मध्ये एकदाचे थोडे पैसे हातात आले. एक सेकंडहँड अल्टो घेतली होती, ती अंगणात घेता यावी म्हणून मी दारासमोरच्या नालीवर सिमेंटचा रॅम्प बांधून दिला आणि अख्ख्या अंगणात गट्टू बसवून दिले. (गट्टू म्हणजे तुमचे पेव्हर ब्लॉक. आमच्याकडे नालीला गटार म्हणत नाहीत आणि पेव्हर ब्लॉकला पेव्हर ब्लॉक.) खर्च अठरा हजार. मिस्त्रीने रॅम्पखालून सहा इंची पाइप टाकला आणि म्हणाला, "ताई, पाण्याले रस्ता ठेवला बरं." मी फोटो काढला, स्टेटसला टाकला. एकशे बारा जणांनी बघितला.

नाली दीड फूट रुंद, दीड फूट खोल होती. पाइप सहा इंची. हे दोन आकडे तेव्हा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. कॉलनीतल्या कुणीच पाहिले नाहीत, कारण वर्षभरात आमच्या रांगेतल्या चौदापैकी अकरा घरांनी माझ्या रॅम्पची कॉपी मारली. आपण ट्रेंडसेटर वगैरे असल्याचं मला भलतंच कौतुक होतं.

२०२२ च्या जुलैतली रात्र. मी सुट्टीवर घरीच होते. दोनच्या सुमारास आईने उठवलं. गल्लीत पाणी, आणि पाण्यावर आमच्या पायऱ्यांजवळच्या चपला तरंगत चाललेल्या. आमचं जोतं उंच, त्यामुळे आम्ही कोरडे. आमच्याखाली दोन घरं सोडून, कोपऱ्यावर, अगदी उताराच्या टोकाला मावशीचं घर. नात्याची मावशी नाही, कॉलनीची मावशी. काका गेल्यापासून ती फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून घर चालवते. तिचं घर कॉलनीतलं सगळ्यात जुनं. ते बांधलं तेव्हा त्याचं जोतं रस्त्याच्या वर होतं. नंतर दर वेळी रस्ता न खरवडता जुन्यावरच नवा थर चढत गेला, दोन इंच, तीन इंच, आणि घर जागच्या जागी बसून खड्ड्यात गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा खोलीत गुडघ्याच्या थोडं खाली पाणी होतं. मावशी पलंगावर उभी राहून साड्या वर फेकत होती. श्रावणाच्या ऑर्डरी. खालच्या कप्प्यात गिऱ्हाइकांच्या चाळीसेक साड्या होत्या, त्यातल्या निम्म्या भिजल्या. एका लाल साडीचा रंग चार साड्यांना लागला. शिलाई मशीनची मोटर गेली. त्या चार साड्यांचे पैसे तिने पुढच्या पाच महिन्यांत हप्त्याहप्त्याने भरून दिले, गिऱ्हाइकाने न मागता.

सकाळी कॉलनीची मीटिंग. अशा मीटिंगचा फंडा तुम्हाला माहीतच असेल. सगळे एका सुरात ओरडतात आणि जो हजर नाही त्याच्यावर. ऑफिस वाईट, ठेकेदार वाईट, टेकडीवरच्या नव्या ले-आउटवाले वाईट. 'मोठा पाइप टाका' हा ठराव टाळ्यांनी पास. मीही टाळ्या वाजवल्या. बाबा गप्प होते. ते दुपारी खांबावरची ओली खूण टेपने मोजून आले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

सप्टेंबरमध्ये ते एकदम म्हणाले, "चाल वं, सेमाडोहले जाऊन येऊ."

सेमाडोह मेळघाटात आहे. परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागायचं, घाट चढायचा, उतरायचा, की सिपना नदीच्या काठावर हे गाव. व्याघ्र प्रकल्पाच्या मधोमध असल्यामुळे टूरिस्टांना ते सफारीसाठी ठाऊक असतं. आमच्या घरात ते बाबांच्या पहिल्या पोस्टिंगसाठी ठाऊक आहे. १९८६ साली चोवीस वर्षांचे बाबा एक वळकटी आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन तिथे उतरले होते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, ही माहिती त्यांना पहिल्याच आठवड्यात एका तिसरीतल्या पोराने पुरवली. भूगोलाच्या मास्तराला नदीच्या नावाचा अर्थ विद्यार्थ्याकडून कळतो, ही गोष्ट ते अजूनही खूश होऊन सांगतात.

तो तिसरीतला पोरगा आता पंचेचाळिशीचा आहे. बाबांना बघून त्याने हातातली कुदळ खाली टाकली आणि वाकून पाया पडला. कुदळीने तो काय करत होता ते बाबांना बघायचंच होतं बहुतेक. घराच्या वळचणीखाली, जिथे कौलांवरच्या पागोळ्या पडतात बरोब्बर तिथे, वीतभर रुंदीचा चर होता. तो चर घराला वळसा घालून परसातल्या केळीत गेला होता, तिथून कुंपणाखालून शेजाऱ्याच्या चरात, तिथून पुढच्या. असं करत करत पाणी उतारावरच्या ओहोळाला मिळत होतं. कोरकूंच्या जुन्या पद्धतीच्या गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मध्ये रुंद मोकळा रस्ता. त्यामुळे कुणाचं पाणी कुठे जातं हे सगळ्या गावाला दिसतं. लपवायची सोयच नाही!

आम्ही त्याच्या ओट्यावर चहा घेत बसलो असताना खालच्या घरातली एक बाई आली, याच्या अंगणात शिरली, पायाने चरातला पाला बाजूला केला आणि काही न बोलता परत गेली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "वरच्याचं पाणी खालच्याच्याच दारातून जाईन ना, ताई. मंग तिले पाहाच लागते." म्हणजे खालच्याला वरच्याच्या अंगणात येऊन चर साफ करायचा हक्क. त्याच्यासाठी ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. मला मात्र माझ्या रॅम्पखालचा पाइप आठवला आणि चहा नीट गेला नाही.

परतताना पाऊस आला. मोठी सर, दहा मिनिटांची. आम्ही गाडी बाजूला घेऊन थांबलो. सर थांबली, आकाश उघडलं, पण झाडांखाली पाऊस पडतच होता. पानावरून पानावर, पानावरून खोडावर, खोडावरून पाचोळ्यात. बाबांनी घड्याळ लावलं. अठरा मिनिटं. "आपल्या गट्ट्यांवर हेच पाणी किती वेळात रस्त्यावर येते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लगेच. "मंग पाणी वाढलं का त्याची घाई वाढली?"

जंगल म्हणजे जादू नाही, हे सांगायला हवं. खूप पाऊस झाला की सिपनाही फुगते, मेळघाटातले रस्ते बंद पडतात. खापरा, सिपना, गडगा या सगळ्या नद्या ते पाणी तापीत नेऊन ओततात. जमीन एकदा भरली की जंगलही हात वर करतं. पण त्याआधीचा जो वेळ असतो, तो जंगल देतं आणि आमची कॉलनी देत नाही.

घरी आल्यावर आम्ही गणित मांडलं. दोघांचंही बेताचंच आहे, तरी जमलं, म्हणजे तुम्हालाही जमेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची कॉलनी साधारण ४०,००० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस, जो आता काही दुर्मीळ राहिलेला नाही, म्हणजे २० लाख लिटर. दहा हजार लिटरचे २०० टँकर, एका तासात! शेत असतं तर यातलं बरंच बांधांआड अडलं, मुरलं असतं. सिमेंट, स्लॅब, डांबर आणि गट्टू मिळून दहातलं नऊ भाग पाणी वाहून जातं. म्हणजे सेकंदाला ५०० लिटर. आणि नाल्याकडे जाणाऱ्या रस्त्याखालच्या मोरीत काय होतं? बारा इंची एक पाइप. तीनशे मीटरला एक मीटर उतार धरला आणि पाइप अगदी चकाचक असला, तर त्यातून सेकंदाला जेमतेम ५५ लिटर जातं. आमचा पाइप चकाचक नव्हता.

म्हणजे 'मोठा पाइप टाका' हे चूक नव्हतं. चोवीस इंची टाकला तर त्याच उतारावर साडेतीनशे लिटरपर्यंत जातं. व्यास दुप्पट केला की पाणी दुप्पट नाही, सहापट जातं, ही गोष्ट मला खरंच सही वाटली. पण साडेतीनशे म्हणजे पाचशे नाहीत. शिवाय मोठ्या पाइपाचं पाणी पुढे नाल्यात जातं, आणि नाल्याच्या काठी कुणाची तरी अजून एक मावशी राहत असते.

या विषयावर वाचायला लागल्यावर कळलं की मुंबईसारखं शहरही याच वर्तुळात फिरलंय. तिथल्या ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या, तोही निम्मा जमिनीत मुरेल या हिशोबाने. तेव्हा मुरतही असेल! १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितलं की क्षमता ५० मिलिमीटर करा, आणि मुरेल वगैरे विसरा. काम रेंगाळलं. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळले आणि सगळ्यांना तो अहवाल आठवला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. तरीही परळचं हिंदमाता बुडायचं ते बुडायचंच, कारण तो भाग बशीसारखा खोलगट. शेवटी २०२१ नंतर जवळच्या प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठमोठ्या टाक्या बांधून पाणी तिथे थांबवायला सुरुवात झाली. पाणी हाकलायचं की थांबवायचं, या प्रश्नाचं उत्तर मुंबईला 'दोन्ही' असं सापडलं, फक्त फार उशिरा.

आमच्या जवळचं उदाहरण नागपूरचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या खात्यापित्या वस्त्यांतले तळमजले पाण्यात गेले. जीव गेले. रहिवासी हायकोर्टात गेले, तलावाच्या सांडव्यापुढचा पाण्याचा रस्ता अडलाय का, यावर वाद रंगला. माझी एक मैत्रीण तिथे जवळच राहते. ती म्हणाली, आम्हाला तर वाटायचं पूर फक्त झोपडपट्टीत येतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने हा गैरसमज आधीच दूर केला होता. पुणे शहर-जिल्ह्यात तेव्हा वीसहून जास्त माणसं गेली.

बाहेरच्या जगातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे रॉटरडॅमचं बास्केटबॉल कोर्ट. २०१३ पासून तिथल्या बेन्थेमप्लाइन चौकात एक खोलगट कोर्ट आहे. उघडीप असली की पोरं खेळतात, मोठा पाऊस आला की त्याचं तळं होतं, आणि नंतर पाणी सावकाश सोडून देतात. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला ढगफुटीसारखा पाऊस होऊन शहर बुडालं, तेव्हा त्यांनीही पुढच्याच वर्षी असा प्लॅन केला, रस्ते आणि बागाच पाणी धरतील असा. मी बाबांना रॉटरडॅमचे फोटो दाखवले. ते म्हणाले, "हे तं शेततळं आहे. फक्त जाळी लावली बास्केटची."

आता पुन्हा रॅम्पवर.

बाबा म्हणाले, आधी आपला फोडायचा. मी अडून बसले. अठरा हजार! आणि बाकीच्या दहांचं काय? आपणच का मूर्ख बनायचं? आईसुद्धा माझ्या बाजूने. बाबा भांडले नाहीत. रविवारी सकाळी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं, तोच मिस्त्री, आणि मला म्हणाले, मावशीले बोलावून आण. मला कळेना, तिला कशाला? पण गेले.

रॅम्प फुटला. पाइप बाहेर काढला तेव्हा तो दगडासारखा जड होता. आत गाळ, वेफर्सची पाकिटं, एक लहान मुलाची चप्पल, ताडपत्रीचा तुकडा, आणि मावशीच्याच दुकानातल्या कापडाच्या चिंध्या. पाण्याला ठेवलेला रस्ता वर्षभरात शंभर टक्के बंद. नालीतलं पाणी आमच्या दाराशी येऊन रस्त्यावर चढत होतं आणि रस्त्याने सरळ मावशीच्या घरात जात होतं. बाबा तिला म्हणाले, "बाई, त्या रात्रीचं पाणी आमच्या इथून आलं." मला वाटलं आता ती बोलेल. ती पाइपाकडे बघत होती. मग म्हणाली, "चिंध्या माह्या आहेत त्यात." आणि घरी गेली. दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. माझ्याशी तर त्याहून जास्त.

रॅम्पच्या जागी लोखंडी जाळी आली, उचलता येणारी. सहा हजार. अल्टो तिच्यावरून आरामात जाते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अकरापैकी नऊ रॅम्प फुटले. दोघांनी फोडले नाहीत, त्यांची नावं मी लिहिणार नाही, पण ते हा कॉलम वाचतायत.

कॉलनीचा उतार आम्ही पारदर्शक नळीने मोजला. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन घरांशी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं. गवंडी हेच करतात. त्यात लक्षात आलं की आमच्या ओपन स्पेसची जागा कॉलनीच्या वरच्या अंगाला आहे, पण ती भर घालून रस्त्यापेक्षा उंच केलेली. म्हणजे टेकडीवरून येणारं पाणी तिथे शिरायचं सोडून वळसा घालून गल्लीत उतरत होतं. २०२३ च्या मे महिन्यात तिथली माती काढली. चाळीस बाय तीस मीटर, फूटभर खोल. साडेतीन लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे त्या भयंकर तासातलं पाचवा-सहावा भाग. क्रिकेट बंद पडलं नाही. फक्त मोठ्या पावसानंतर एक दिवस पिच ओलं असतं.

यावर सगळ्यात जास्त भांडण झालं ते डासांवरून. मुद्दा चुकीचा नव्हता. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर तरी साचलेलं पाणी लागतं, त्यामुळे पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरलं पाहिजे, ही अट. आणि इथे आमची काळी माती आडवी आली. वऱ्हाडातली कपाशीची माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पहिला पाऊस गटागटा पिते, पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि वर पाणी तसंच उभं राहतं. यूट्यूबवरचे शोषखड्ड्यांचे व्हिडिओ बघून चारपाच जणांनी अंगणात तीनतीन फुटांचे खड्डे खणले, ते सगळे डबकी झाले. खड्डा काळी माती पार करून खालच्या मुरमापर्यंत गेला पाहिजे. आमच्याकडे मुरूम सहा फुटांवर लागला. मग खाली मोठे दगड, वर गिट्टी, वर वाळू, आणि छतावरच्या पाण्याचा पाइप त्यात सोडायचा. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच हजार लिटर, त्यातलं सगळं काही खड्ड्यात मावत नाही. पण जेवढं मावतं तेवढं गल्लीत उशिरा येतं किंवा येतच नाही. सव्वाशेपैकी एकतीस घरांनी केलं. मी अंगणातले निम्मे गट्टू काढले. आईने तिथे अळू लावलं.

मोरीला वेळ लागला. अर्ज, फोटो, पुन्हा अर्ज. साहेब बदलले, पुन्हा पहिल्यापासून. काम झालं ते बाबांच्या वहीमुळे, असं माझं मत आहे. बाकी सगळे 'फार पाणी येतं हो' म्हणत होते. बाबांकडे तारीख, वेळ, किती इंच, किती मिनिटांत चढलं, किती मिनिटांत उतरलं, सगळं होतं. नव्या इंजिनिअरने वही चाळली, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "सर, याची झेरॉक्स मिळेल?" २०२४ च्या उन्हाळ्यात बारा इंचीच्या जागी चोवीस इंची ह्यूम पाइप पडला. उशीर झाला ते एका अर्थी बरंच झालं. वरचं पाणी अडवायच्या आधी तो टाकला असता तर सगळा लोंढा खालच्या वस्तीत गेला असता.

२०२५ च्या जुलैत मी पुण्यात होते. रात्री दीडला व्हॉट्सॅपवर आईचा मेसेज, 'लय येऊन राहिला पाऊस'. मी फोन लावला. बाबा गॅलरीत होते, मागे पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की ओरडून बोलावं लागत होतं.

"खांबावर किती?"

"नऊ."

लाल रेघेच्या तीन इंच खाली. मी फोन चालूच ठेवला. त्यांनी मध्येच आईला टॉर्चचे सेल आणायला सांगितलं, मध्येच कुत्र्याला हाकललं. पंचवीस मिनिटांनी सहा. चाळीस मिनिटांनी दोन.

"मावशी जागी आहे?"

"उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली आहे. हात करून राहिली मले."

मावशीकडे आता नवं मशीन आहे, नवं कपाटही. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा ती अजून रिकामाच ठेवते. आणि पावसाळ्यात दर रविवारी सकाळी एक काठी घेऊन आमच्या दारात येते, बेल वाजवत नाही, सरळ जाळी उचलते आणि आत काठी फिरवते. मागच्या वेळी मी घरी होते, तर मलाच म्हणाली, "तिकून धर वं, जड आहे." मी धरली. आत एक वेफर्सचं पाकीट निघालं. तिने ते माझ्या हातात दिलं आणि वरच्या घराकडे निघाली.